नगर जिल्ह्यात आमदार कसा घडतो? कारखाना, सरपंचकी आणि रिकामी झेडपी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'आणि मग' जरा कमी केलेत.)

कानात इअरफोन आहेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आज नावं खूप येणार आहेत.

गेले तीन-चार वीकेंड मी एक एक्सेल शीट भरत बसलोय. ऑफिसात दिवसभर तेच करतो, मग सुट्टीतही तेच, घरचे वैतागलेत. पण शीट मजेशीर आहे. ओळी आहेत आपल्या जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या लोकांच्या. रकाने असे: जन्मगाव, शिक्षण, पहिलं पद कोणतं, ते कितव्या वर्षी मिळालं, घरात आधी कोण होतं, साखर कारखाना आहे का, आणि आजवर किती पक्ष झाले. शेवटचा रकाना काही जणांच्या बाबतीत इतका लांबला की मला कॉलम विड्थ वाढवावी लागली.

आधी एक खुलासा. २०२४ पासून जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर आहे. पण जुन्या निवडणुकांबद्दल बोलताना माझ्या तोंडात नगरच येतं. तेवढं चालवून घ्या.

तर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. १४ तालुके, १२ आमदार, २ खासदार. २०२४ च्या विधानसभेत निवडून आलेले १२ जण घ्या. त्यातल्या किमान सहा जणांच्या घरात आधीच कुणीतरी आमदार किंवा खासदार होतं. शिर्डीचे राधाकृष्ण विखे, कोपरगावचे आशुतोष काळे, शेवगावच्या मोनिका राजळे, नगर शहराचे संग्राम जगताप, श्रीगोंद्याचे विक्रम पाचपुते आणि कर्जत-जामखेडचे रोहित पवार. यावर 'घराणेशाही, घराणेशाही' म्हणून ओरडून भाग संपवता आला असता. तसे रील्स ढिगाने आहेत. मला वेगळा प्रश्न पडला होता. उरलेले सहा कुठून आले? आणि आपल्यातल्या एखाद्याला, ज्याचे वडील मास्तर आहेत किंवा चार एकर कोरडवाहू करतात, त्याला आज आत शिरायला दार कोणतं?

त्यासाठी आधी नकाशा उघडा. खरंच उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा. वर उत्तरेला प्रवरा दिसेल, गोदावरी दिसेल, कालवे दिसतील, हिरवं दिसेल. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं, इंग्रजांच्या काळात. पाणी आलं, ऊस आला. मग १९५० च्या सुमाराला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू केला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष. सहकारातला आशियातला पहिला साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. विठ्ठलरावांची स्वतःची शाळा फार झालेली नव्हती. मुलगा बाळासाहेब १९७१ पासून लोकसभेत आणि पुढे केंद्रात मंत्री. नातू राधाकृष्ण बीएस्सी ॲग्री, १९९५ पासून आमदार, मधे विरोधी पक्षनेते, आता मंत्री. पणतू सुजय न्यूरोसर्जन आणि एक टर्म खासदार. चार पिढ्यांचा हा आलेख म्हणजे उत्तर नगरचा इतिहासच समजा.

आता एक खेळ. कारखान्यांची नावं वाचा. कमानीवर जे लिहिलंय ते. पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील. सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात. कर्मवीर शंकरराव काळे. सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे. लोकनेते मारुतराव घुले पाटील. डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे. शिवाजीराव नागवडे. आणि आता गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या आमदारांची आडनावं वाचा. माझ्या शीटमध्ये मी या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि व्हीलुकअप लावला. बाकी काही करावं लागलं नाही.

शहरात वाढलेल्या दोस्तांना वाटतं कारखाना म्हणजे फॅक्टरी, मालक असतो, पैसा असतो, म्हणून राजकारण. तसं नाही. सहकारी कारखान्याला मालक नसतो, सभासद असतात, हजारोंनी. दर पाच वर्षांनी त्यांचं मतदान, पॅनल पडतात, कपबशी नाहीतर छत्रीसारखी चिन्हं असतात. म्हणजे विधानसभेची रंगीत तालीम तिथेच होते. कोणत्या गावात आपले किती, कोण फुटला, कोणाला गाडी पाठवायची, सगळं चेअरमनच्या डोक्यात पाठ. शिवाय कारखान्याबरोबर कॉलेज आलं, दूध संघ आला, बँक आली, पतसंस्था आली. घरातल्या एकाला तिथे नोकरी असली की त्या घराचं मत कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोड. ऊस तयार झाला की तो वेळेत तुटून गेला पाहिजे. उशीर झाला तर वजन घटतं, तुरे येतात, पुढचं पीक लांबतं. कोणाच्या शेतात टोळी आधी जाणार हे कागदोपत्री लागवडीच्या तारखेवर ठरतं. कागदोपत्री. ज्यांच्या घरी ऊस आहे ते आता हसत असतील.

हे सगळं वाईटच, असं मी म्हणणार नाही. माझं बीटेक ज्या पट्ट्यातल्या पोरांबरोबर झालं, त्यातली निम्मी पोरं कारखान्याच्या शिक्षण संस्थांमधून वर आली होती. त्या संस्था नसत्या तर बारावीनंतर पुण्याला खोली घेऊन राहायची ऐपत किती जणांची होती? पण त्याचवेळी जो माणूस शाळा देतो, नोकरी देतो, उसाला तोड देतो, त्याच्या विरोधात अर्ज भरायची हिंमत कुणी करायची, हाही प्रश्न आहेच.

त्यामुळे उत्तरेत लढाई होते ती कारखाना विरुद्ध कारखाना. कोपरगाव बघा. काळे आणि कोल्हे. २००४ आणि २००९ अशोक काळे, २०१४ स्नेहलता कोल्हे, २०१९ आशुतोष काळे, तेही फक्त ८२२ मतांनी. ८२२! एवढी माणसं आपल्याकडे एका लग्नाला असतात. २०२४ ला दोन्ही घरं एकाच युतीत सापडली, कोल्हेंना थांबावं लागलं, आणि काळे निवांत आले.

१९९१ ची लोकसभा तर कोर्टात गाजली. बाळासाहेब विखे विरुद्ध यशवंतराव गडाख. गडाख जिंकले, विखे प्रचारातल्या भाषणांवरून कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली, आणि १९९३ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेवली. निवडणुकीच्या भाषणात काय बोललेलं चालतं, यावर आजही वकील तो निकाल काढतात. नगरचं भांडण असं देशाच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलंय.

पक्षांचं काय? माझ्या मते नगरमध्ये पक्ष म्हणजे सिमकार्ड. नंबर तोच राहतो, नेटवर्क पोर्ट होतं. विखे काँग्रेसमधून शिवसेनेत, परत काँग्रेसमध्ये, मग २०१९ ला भाजपमध्ये. बबनराव पाचपुते १९८० ला जनता पक्षाकडून पहिल्यांदा आमदार झाले आणि त्यानंतर इतके पक्ष झाले की तोच तो लांबलेला कॉलम. नंबर म्हणजे काय, तर सभासद, गावोगावचे कार्यकर्ते, सोयरे. सोयऱ्यांवरून आठवलं, आपल्याकडे एक पक्ष आहे ज्याची कुठे नोंदणी नाही. 'सोधा'. सोयरे-धायरे. बाहेरच्यांना हा शब्द कळत नाही, नगरच्या माणसाला लगेच कळतो. शिवाजीराव कर्डिले भाजपचे आमदार, जावई संग्राम जगताप राष्ट्रवादीचे. राहुरीचे प्राजक्त तनपुरे जयंत पाटलांचे भाचे. संगमनेरचे बाळासाहेब थोरात काँग्रेसचे, मेहुणे डॉ. सुधीर तांबे विधान परिषदेत, नंतर भाचे सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून तिथेच. टीव्हीवर वेगवेगळ्या झेंड्यांखाली दिसणारी माणसं लग्नाच्या मांडवात एकाच पंक्तीला असतात.

आता नकाशा खाली सरकवा. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड. रंग बदलतो. पिवळट, करडा. इथे कालवा नाही, म्हणजे निदान तेवढा नाही. पाथर्डीची माणसं ऊस लावत नाहीत, दुसऱ्याचा तोडायला जातात. आणि गंमत बघा, ज्यांच्या मागे कारखाना नाही असे बरेचसे नेते याच पट्ट्यातून आलेत. नियमाला अपवाद आहेच, श्रीगोंदा दक्षिणेत असूनही कुकडी-घोडच्या पाण्यावर तिथे कारखाने उभे राहिले, आणि राजकारणही मग उत्तरेसारखंच झालं. म्हणजे अपवादसुद्धा पाण्याचंच ऐकतो.

नीलेश लंके. पारनेर तालुक्यातलं हंगा गाव. वडील प्राथमिक शिक्षक. पोराने आयटीआय केलं, सुप्याच्या एमआयडीसीत काम केलं, हॉटेल टाकलं. शिवसेनेचा कार्यकर्ता, गावचा सरपंच, तालुकाप्रमुख. पत्नी राणी लंके जिल्हा परिषदेवर. २०१९ ला राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि तीन टर्म आमदार राहिलेल्या विजय औटींना पाडलं. कोरोनात भाळवणीचं कोविड सेंटर राज्यभर गेलं, कारण आमदार तिथेच गादी टाकून झोपायचा ते व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. २०२४ ला लोकसभा. समोर सुजय विखे. प्रचारात इंग्रजी बोलता येतं का, हा मुद्दा झाला. आयटीआयवाला विरुद्ध न्यूरोसर्जन. लंके २८,९२९ मतांनी आले आणि लोकसभेत शपथ घेतली ती इंग्रजीतून, शेवटी 'रामकृष्ण हरी'. ती क्लिप आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका दिवसात इतक्या वेळा आली की मी ग्रुप म्यूट केला.

पण थांबा, लगेच शिट्टी मारू नका. सहा महिन्यांत विधानसभेला पारनेरमधून उमेदवारी कोणाला? राणी लंके. त्या थोडक्यात हरल्या, काशिनाथ दाते आले, ते जिल्हा परिषदेतून वर आलेले. घराणं तयार व्हायला चार पिढ्या लागतात असं नाही, पाच वर्षंही पुरतात.

राम शिंदे. जामखेड तालुक्यातलं चौंडी, अहिल्यादेवींचं गाव. एमएस्सी, बीएड, शिकवायचं काम. मग गावचा सरपंच. २००९ ला आमदार, पुढे मंत्री. २०१९ ला रोहित पवारांनी हरवलं, तेही ४३ हजारांवर मतांनी. २०२४ ला परत तेच दोघे, आणि फरक फक्त १,२४३. हरले, पण विधान परिषदेत होतेच, आणि महिनाभरात परिषदेचे सभापती झाले. स्वातंत्र्याच्या काळात नगरचेच वकील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, हे आपल्या पिढीत फार कुणाला माहीत नाही. म्हणून सांगून टाकलं.

कर्डिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गेले. बुऱ्हाणनगरचे, दुधाचा धंदा, गावच्या सरपंचपदापासून सुरुवात, १९९५ ला अपक्ष आमदार, एकूण सहा टर्म. त्यांच्या राजकारणाबद्दल दोन टोकाची मतं आहेत आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. मला शीटमधला एकच रकाना महत्त्वाचा वाटतो, पहिलं पद. तिथे लिहिलंय, सरपंच.

आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार. एमकॉम, क्रिकेटवेडे. १९८९ मध्ये गावाने त्यांना सरपंच केलं. पाणलोटाची कामं, बोअरवेलच्या पाण्यावर शेतीला बंदी, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. २०२० ला पद्मश्री. मोठं नाव झाल्यावरही ते विधानसभेत गेले नाहीत. कुणी म्हणेल, ही करिअर पायरीवरच थांबली. मला वाटतं पायरीवर बसूनही घर बांधता येतं हे दाखवणारा जिल्ह्यातला तो सगळ्यात चांगला रेकॉर्ड आहे.

तिसरं दार आहे राखीव जागांचं. २००९ पासून शिर्डी लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव, श्रीरामपूर विधानसभाही. तिथे बघा काय झालं. कारखानदार स्वतः उभे राहू शकत नाहीत. मग कोण आलं? भाऊसाहेब वाकचौरे, शासकीय अधिकारी, शिर्डी संस्थानचं कामकाज बघितलेले. २००९ ला त्यांनी थेट रामदास आठवलेंना हरवलं, आणि २०२४ ला परत खासदार झाले. श्रीरामपूरला २०१९ मध्ये लहू कानडे, माजी अधिकारी आणि कवी. अकोल्यात आदिवासी राखीव जागेवर मधुकर पिचड १९८० पासून सलग सात टर्म, नंतर मुलगा वैभव एक टर्म, आणि मग राजूरकडचे डॉक्टर किरण लहामटे. म्हणजे राखीव जागेने सरकारी नोकरीतल्या, दवाखान्यातल्या माणसाला दार उघडलं. पण प्रचाराच्या गाड्या, बूथवरची माणसं कुणाची, हे विचारलं की परत कारखान्याच्या कमानीपाशी येऊन थांबावं लागतं.

बायकांचं थोडक्यात बोलतो, कारण त्यावर वेगळा भाग करायचाय. मोनिका राजळे, स्नेहलता कोल्हे, राणी लंके, जिल्हा परिषद अध्यक्ष राहिलेल्या शालिनीताई विखे आणि राजश्री घुले. आडनावं ऐकलीत ना? ५० टक्के आरक्षणाने खुर्ची दिली, पण ती बहुतेकदा घरातल्या घरात फिरली. त्यात वेगळं नाव प्रभावती घोगरे. लोणी खुर्दच्या सरपंच, विखेंच्या अगदी दारातलं गाव, आणि २०२४ ला त्यांच्याच विरोधात विधानसभा लढल्या. हरल्या. पण लोणीत राहून तो अर्ज भरायचा म्हणजे काय, हे तिकडच्यांना विचारा.

आता संगमनेर. २०२४ चा सगळ्यात मोठा धक्का. बाळासाहेब थोरात १९८५ ला काँग्रेसने तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष लढले, जिंकले, आणि ती धरून सलग आठ वेळा. कारखाना, दूध संघ, कॉलेजं, सगळं नीट चाललेलं. आणि हरवलं कोणी, तर अमोल खताळ नावाच्या एका कार्यकर्त्याने, १० हजारांहून जास्त मतांनी. तेव्हा खूप जणांनी लिहिलं की सामान्य माणसाने साम्राज्य उलथवलं. अर्धं खरं. खताळांच्या मागे विखेंची ताकद होती हे जिल्ह्यात कुणी नाकारत नाही. त्याआधी २०२३ मध्ये राहात्याच्या गणेश कारखान्याच्या निवडणुकीत थोरात आणि कोल्हे एकत्र येऊन विखेंच्या पॅनलला पाडून गेले होते. त्याचा हिशेब पुढच्याच वर्षी संगमनेरात चुकता झाला, असं मला वाटतं.

तर सगळ्या शीटचा फिल्टर लावला की काय उरतं? घराणं किंवा कारखाना नसलेला माणूस वर आला तो बहुतेक वेळा एकाच वाटेने. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. शिंदे, लंके, कर्डिले सरपंचकीतून. दाते झेडपीतून. नेवाशाचे विठ्ठल लंघे तर झेडपीचे अध्यक्ष होते. एवढंच काय, रोहित पवारांसारख्या मोठ्या घरातल्या माणसानेही सुरुवात केली ती पुणे झेडपीतून, आणि सत्यजीत तांबेंनी नगर झेडपीतून.

झेडपी गटाची निवडणूक म्हणजे पंचवीस-तीस गावं. दुचाकीवर फिरून होते. विधानसभा दुचाकीवर होत नाही. गटात तुम्ही पाच वर्षं शाळेची खोली, पाण्याची योजना, रस्ता, ग्रामसेवकाची बदली असली कामं केलीत की तालुक्याला तुमचं नाव माहीत होतं. त्या पायरीवर वय लागतं फक्त २१.

आणि ही पायरीच बरीच वर्षं नव्हती. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्टातल्या तारखा, आणि तेव्हापासून प्रशासक. २०२५ च्या शेवटी नगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या जाहीर झाल्या, तेव्हाही झेडपीची वाट बघणं चालूच होतं. तोवर साडेतीन वर्षं होऊन गेली होती. या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, कारखान्यांच्याही निवडणुका झाल्या. फक्त साध्या माणसाची जी निवडणूक होती, तीच नाही झाली.

माझा एक शाळेतला मित्र आहे, नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. दक्षिणेतल्या एका तालुक्यातला. २०२२ ला २५ वर्षांचा होता, गावात ग्रामपंचायत सदस्य, चारा छावणीत आणि टँकरच्या काळात काम केलेला. झेडपीला उभं राहायचं म्हणून पुण्यातली नोकरी सोडून गेला. दोनदा बॅनर छापले. दोनदा गटाची रचना बदलली. मधे लग्न झालं, मुलगी झाली. आता एका पतसंस्थेत वसुलीला आहे. ती पतसंस्था कोणाची, ते ओळखा. परवा फोनवर म्हणाला, 'भाऊ, आता ज्यांच्याकडे कामाला आहे त्यांच्याच विरोधात कसा उभा राहू?' त्याच गटात समोरच्या घरातला जो मुलगा उभा राहणार आहे, त्याला ही साडेतीन वर्षं अवघड गेली नाहीत. तो संचालक होता ना.

एक शेवटचं, कामाचं. उमेदवाराचं शपथपत्र बघायचा हक्क आपल्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाने मिळालाय. विधानसभा-लोकसभेचं निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर आहे, मायनेतावरही मिळतं. स्थानिक निवडणुकांचं राज्य निवडणूक आयोगाकडे द्यावं लागतं. पीडीएफ स्कॅन केलेले असतात, हस्ताक्षर दिव्य असतं, सर्च चालत नाही, त्यामुळे मला हाताने टाइप करावं लागलं. चार गोष्टी बघा. शिक्षण, दाखल खटले, मागच्या शपथपत्रापासून मालमत्ता किती वाढली, आणि 'व्यवसाय' या रकान्यात 'शेती व समाजसेवा' सोडून काही लिहिलंय का. आणि हो, १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं असेल तर सातवी पास लागतं. आमदारकीला असली काही अट नाही. उगाच आपलं सांगितलं.

शीटची लिंक खाली टाकतोय. तुमच्या गटातले, गणातले इच्छुक कोण आहेत, त्यांचं पहिलं पद काय होतं, हे माहीत असेल तर भरा. नावापुढे पुरावा जोडा, नाहीतर मी ओळ उडवतो. श्रीगोंदा आणि नेवाशाच्या ओळी फार रिकाम्या आहेत, तिकडच्या पोरांनी जरा मनावर घ्या. पुढच्या शनिवारी भेटू, पाथर्डीच्या ऊसतोड टोळीतल्या दोघांशी बोलणं झालंय, ते ऐकवतो.